एस्कुदो : संग्रह आणि पुरावा

स्पॅनिश साम्राज्याच्या सुवर्णनाण्यांत आठ एस्कुदोंच्या नाण्याला संग्राहकांच्या लेखी मानाचे स्थान आहे. सुमारे २७ ग्रॅम वजनाची ही नाणी मेक्सिको, लिमा आदी अमेरिकेतील टांकसाळींत पाडली जात. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथे वजन व कस यांनाच महत्त्व होते, आकाराला नव्हे. सोन्याचे तुकडे कातरून नेमक्या वजनाचे केले जात आणि त्यांवर हातोड्याने ठसा उमटवला जाई. परिणामी काठाजवळचे वर्ष पुष्कळदा नाण्यावर उमटतच नसे.

अशा नाण्याचा काळ टांकसाळीची खूण, पारख्याचे आद्याक्षर आणि सापडण्याचे ठिकाण यांवरून ठरवावा लागतो. ३१ जुलै १७१५ रोजी फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ चक्रीवादळात स्पेनच्या खजिना-ताफ्यातील ११ जहाजे बुडाली. त्यांच्या अवशेषांत मिळालेले वर्षहीन नाणे १७१५ नंतरचे असू शकत नाही. १९६० च्या दशकात किप वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथून काढलेली अनेक नाणी लिलावांतून विखुरली. सोबतची नोंद हरवली, की हा पुरावाही नाहीसा होतो.

१८०४ मध्ये बुडालेल्या 'मर्सेदेस' या युद्धनौकेवरील, बहुतांशी चांदीची, सुमारे ६ लाख नाणी मात्र अमेरिकी न्यायालयांच्या निर्णयानुसार २०१२ मध्ये स्पेनला परत मिळाली. हा साठा न विखुरता अभ्यासकांसाठी एकत्र राहिला. संग्राहकाने नाण्याबरोबर त्याची प्राप्तिनोंदही जपणे म्हणूनच अगत्याचे ठरते.