धायरीची दहा पळे

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पुण्याजवळची धायरी आहे ७३.८ अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटे धरली, तर धायरीचा खरा मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सरासरी ३५ मिनिटांनी होतो. मुंबईच्या तुलनेत मात्र धायरी सुमारे चार मिनिटे, म्हणजे जुन्या हिशेबाने दहा पळे, पुढे आहे. मुंबईसाठी गणित केलेल्या पंचांगावरून इथला मुहूर्त नेमका काढायचा, तर हा देशांतर संस्कार, म्हणजे रेखांशातल्या फरकाची दुरुस्ती, करणे भाग असे. सूक्ष्म कालमापनाचा इतिहास बहुधा सुधारत गेलेल्या घड्याळांचा म्हणून सांगतात. मला तो अशा संस्कारांचा वाटतो: दोन वेळांतला फरक ओळखायचा, मोजायचा आणि हिशेबात धरायचा.

लग्नघरातले घटिकापात्र याची पहिली साक्ष देते. बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यात तरंगत ठेवले की २४ मिनिटांत, म्हणजे साठ पळांत, भरून बुडावे अशी अपेक्षा. पण पाणी गार असले की ते छिद्रातून सावकाश शिरते आणि छिद्र झिजले की घटका आखूड होते. ही चूक नुसत्या पात्राकडे बघून कळत नाही. ती शंकूच्या सावलीशी किंवा सूर्योदयाशी ताडून पाहावी लागते. पंचांगाचेही तेच झाले. गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या सुमाराच्या ‘ग्रहलाघवा’वर महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके चालली आणि गणित व आकाश यांतले अंतर वाढत गेले. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली; १८६५ पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. यावर कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप धर्मकृत्यांसाठी होता, त्याला कालमापन कसे म्हणावे? हेतू धार्मिक होता हे खरे. पण ग्रहणाचा स्पर्श सांगितलेल्या वेळी झाला की नाही, ही कसोटी श्रद्धेवर अवलंबून नव्हती.

आज सूक्ष्म कालमापनाचा छंद असलेल्याच्या टेबलावर फ्रीक्वेन्सी काउंटर, उपग्रहांच्या संकेतावर सतत सुधारला जाणारा क्वार्ट्झ ऑसिलेटर आणि टेलिकॉम यंत्रणेतून मोडीत निघालेले रुबिडियम अणुघड्याळ असते. १० मेगाहर्ट्‌झचा ऑसिलेटर एका हर्ट्‌झने चुकला, तर त्यावर चालणारे घड्याळ दिवसाला साडेआठ मिलिसेकंदांहून थोडे अधिक चुकते. तापमान इथेही शत्रूच आहे, म्हणून चांगला क्वार्ट्झ स्फटिक स्थिर तापमानाच्या कुपीत ठेवतात. देशांतर संस्कारही सुटलेला नाही. गच्चीवरच्या अँटेनापासून २० मीटर केबल खोलीत आणली, तर संकेत सुमारे १०० नॅनोसेकंद उशिरा पोचतो आणि तेवढे वजा करावे लागतात. खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांचे संकेत एकत्र करतानाही प्रत्येकाचा विलंब असाच हिशेबात घ्यावा लागतो.

उपग्रह वेळ फुकट देत असताना ही उठाठेव कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो, पण टिकत नाही. भारताच्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. सरकारी खर्चाचे घड्याळही बिघडते. शिवाय एकट्या घड्याळाला आपली चूक दिसत नाही. दोन घड्याळे असली तर फरक दिसतो, पण दोष कोणाचा ते ठरत नाही. तीन असली, तर जोडीजोडीने ताडून प्रत्येकाच्या डळमळीचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे या छंदात उतरणाऱ्याने एकाच महागड्या घड्याळावर सारे पैसे न घालता त्यातून तीन साधी घ्यावीत.