उपासाच्या ताटात ब्राझील: भाट्याच्या स्वयंपाकघराची गोष्ट

आज जाऊया रत्नागिरीला. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की लागतं भाट्ये. तिथला किनारा आणि सुरूचं बन तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेलच. आपण मात्र तिथल्या स्वयंपाकघरात शिरणार आहोत.

घरात पास्ता किंवा नूडल्स केले की कोणीतरी म्हणतंच, "हे बाहेरचं कशाला? आपलं काहीतरी करा की!" तर या ‘आपल्या’ ताटात किती देश बसलेत, ते मोजूया.

सुरुवात सगळ्यात सोवळ्या पदार्थापासून. साबुदाण्याची खिचडी. त्यात काय काय असतं? बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि साबुदाणा. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतलाच. मिरची अमेरिका खंडातली. आणि आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो टॅपिओका ब्राझीलकडचा. आपल्याकडचं काय उरलं? जिरं, तूप, मीठ!

हे सगळं इथे आलं कसं? वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला. दोनच वर्षांनी, १५०० मध्ये, काब्राल भारताकडे निघाला आणि वाटेत ब्राझीलला लागला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. म्हणजे ब्राझील, लिस्बन आणि गोवा एकाच दर्यावर्दी सत्तेने जोडले गेले. पुरावा आपल्या तोंडातच आहे. बटाटा, पाव, अननस, काजू हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेत. त्यातला ‘काजू’ तर त्याआधी ब्राझीलच्या तुपी लोकांचा. आज ओल्या काजूंच्या उसळीशिवाय कोकणातला उन्हाळा पुरा होत नाही.

मिरचीची गंमत वेगळी. तिला आपण नाव दिलं ते मिऱ्यावरून. तिखटपणा मिऱ्याचा होता, त्या जागी ही पाहुणी बसली. बटाटाही असाच बसला. सुरण, करांदे, अळकुड्या कोकणात आधीपासून होत्या, त्यामुळे कंद शिजवायची रीत हाताला ठाऊक होती. उपासाला धान्य चालत नाही, पण कंद चालतात. मग बटाट्याला अडवणार कोण?

साबुदाण्याचा प्रवास तर अगदी अलीकडचा. पूर्वी तो आग्नेय आशियातून यायचा, साबूच्या झाडाच्या खोडातल्या पिठाचा. दुसऱ्या महायुद्धात आयात अडली आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूत सेलमला टॅपिओकापासून साबुदाणा करायचा धंदा उभा राहिला. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणतो, ते आपल्या पणजीच्या काळातलं निघालं!

"बरं, पण नारळ तरी आपला ना?" आहेच. पण भाट्याला १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. कोकणासाठी ज्या जाती सांगितल्या जातात, त्यात बाणवली आहे, भाट्याच्याच केंद्रातून आलेली ‘प्रताप’ आहे, आणि ‘फिलिपिन्स ऑर्डिनरी’सुद्धा आहे. म्हणजे सोलकढीतलं कोकम सह्याद्रीचं, मिरची अमेरिकेची, आणि नारळाचं झाड कदाचित फिलिपिन्सच्या वंशातलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाट्याच्या खाडीपलीकडे, रत्नागिरीत, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी नजरकैदेत ठेवलं होतं. १८८६ ते १९१६, मरेपर्यंत. त्याची नोंद आहे, राजवाडा आहे. पण आमटीत मिऱ्याऐवजी मिरची घालून पाहणारी पहिली बाई कोण, याची नोंद कुठेच नाही. ‘सूपशास्त्र’ हे मराठीतलं पहिलं छापील पाककृतींचं पुस्तक आलं १८७५ मध्ये. तोवर मिरची इथे येऊन तीनेकशे वर्षं होऊन गेली होती. इतक्या वर्षांत हजारो बायकांनी चुलीपुढे बसून ठरवलं, काय ठेवायचं आणि काय टाकायचं. तो निर्णय दरबारात झाला नाही, आणि कोणी त्यांना त्याचं श्रेयही दिलं नाही.

म्हणून परंपरा म्हणजे बंद डबा नव्हे. बाहेरून आलेलं आपल्या फोडणीत मुरतं, मग ते आपलं होतं. त्याला वेळ लागतो, आणि रोज रांधणारे हात लागतात.

तर आज रात्री ताटात काय आहे, ते बघा. त्यातला एक जिन्नस निवडा, तो कुठून आला ते शोधा आणि घरच्यांना सांगा. आणि घरात जी कोणी रांधते किंवा रांधतो, त्यांना विचारा, "यात तू स्वतःचं काय घातलंस?" उत्तर लिहून ठेवा. इतिहासात तेवढंच राहून गेलंय.

भेटू पुढच्या भागात!