‘बारापा’चे कूळ

‘बारापासॉरस टागोराय’ हे डायनोसॉरचे नाव वाचताना मराठी माणसाला आधी ‘बारा’ दिसतात, पण बाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मूळ शब्द बंगाली: ‘बडो पा’, म्हणजे मोठा पाय. आपल्या ‘बडी धेंडं’मधला ‘बडा’ त्याच्याच गोतातला. बंगालीतल्या त्या ‘ड़’ला रोमन लिपीत स्वतःचे अक्षर नाही, तिथे तो ‘आर’ झाला आणि स्पेलिंगवरून ‘बारा’ आपल्या माथी बसले. ‘बडापासॉरस’ म्हटले, तर मुळाच्या जास्त जवळ जाता येते.

हे नाव रुजले ते सिरोंचा तालुक्यात. हा तालुका आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा १९८२चा. नाव रुजले त्या १९६१ साली हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भूशास्त्रालाही जागा दिली होती आणि लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना मार्गदर्शनासाठी बोलावले होते. तिथली मंडळी पोचमपल्लीजवळ खोदत असताना मांडीचे एक हाड निघाले. लांबी १.७ मीटरहून जास्त, म्हणजे उभ्या पुरुषाएवढे नुसते मांडीचे हाड! छावणीत त्याला ‘बडो पा’ म्हणू लागले. पुढे तिथे सुमारे ३०० हाडे मिळाली, निदान सहा जनावरांची, मोठमोठ्या झाडांच्या अश्मीभूत खोडांत मिसळलेली. कवटी तेवढी मिळाली नाही.

१९७५ साली जैन, कुट्टी, रॉय-चौधुरी आणि चटर्जी यांनी शास्त्रीय नाव दिले, तेव्हा छावणीतले टोपणनावच कायम झाले. त्याला सरड्यासाठीचा ग्रीक ‘सॉरस’ जोडला. ‘टागोराय’मधला शेवटचा ‘आय’ ही लॅटिन षष्ठी: ‘टागोरांचा’. हाड निघाले ते १९६१ साल रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष, म्हणून हा मान. गंमत म्हणजे ‘टागोर’ हेही इंग्रजी वळणाचेच रूप. मूळ आडनाव ठाकूर. एकाच नावात दोन बंगाली शब्द, दोन्ही रोमन लिपीतून फिरून आलेले.

प्राणहितेकाठचे कोटा गावही सिरोंचा तालुक्यातलेच. त्याच्यावरून खडकांच्या थराला ‘कोटा’ हे नाव पडले आणि त्या थरावरून १९८८ साली नदीपलीकडच्या यामनपल्लीच्या डायनोसॉरला ‘कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस’. त्याचा सांगाडा हैदराबादला आहे, बारापाचा कोलकात्याला. पोचमपल्लीचे नाव मात्र दोन्हींत नाही, याची मला चुटपुट लागते. या खोऱ्यात पुन्हा एखादा नवा डायनोसॉर निघाला, तर नावावर पहिला हक्क पोचमपल्लीचा.