शुभंकर जोडीदार

मानसिक आजार असलेल्या नवऱ्याची, बायकोची किंवा लग्नाविना सोबत राहणाऱ्या साथीदाराची काळजी वाहणारी व्यक्ती. महाराष्ट्रातील स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात.

यातले ठळक नाव नाशिकला लागून असलेल्या धुळे जिल्ह्यातले. तेथे जन्मलेले आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरच्या या अनुभवातून १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) चित्रपटालाही वाणींचे पाठबळ होते. त्यातली शुभंकर मात्र बहीण आहे.

जोडीदाराचे काम बरेचसे नीरस असते : झोप किती झाली, गोळी चुकली का, डॉक्टरांनी पुढची तारीख कोणती दिली. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसायला काही आठवडे जातात आणि बरे वाटू लागताच ते परस्पर बंद केले, तर आजार उलटू शकतो. भाजीत गोळी कालवून देण्याची युक्ती अनेक घरांत चालते. ती उघडकीस आली, की औषधाबरोबर माणसावरचाही विश्वास उडतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवले, की टोमणे, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उलटतो. चोवीस तास पहारा देणारे प्रेमही यात आले.

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. नाशिकच्या वाट्याला त्यांतले एकही नाही. जवळचे ठाण्याचे, सुमारे दीडशे किलोमीटरवर. म्हणून पहिली पायरी बहुधा ‘सिव्हिल’ची, म्हणजे जिल्हा रुग्णालयाची, किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञाची. त्र्यंबकेश्वरला शांती करून घेणारी कुटुंबेही असतात. विधीने बिघडत नाही, विधीच्या भरवशावर गोळ्या थांबवल्या की बिघडते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक काम वाढते : जोडीदार जीव नकोसा झाल्याचे बोलू लागला, तर फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात. ‘मरावेसे वाटते का’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी रात्रंदिवस चालू असते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सहीने किंवा अंगठ्याने आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. तो नातेवाईकच असावा असे बंधन नाही. लग्न न झालेल्या जोडप्यांना याचा मोठा आधार आहे, कारण असा कागद नसेल तर नातेवाइकांचा क्रम सोबत राहणाऱ्या काळजीवाहकाच्या आधी लागतो. प्रकृती ठीक असतानाच तो लिहून ठेवणे बरे. नेमणूक नंतर बदलताही येते.