मार देणारा हात, मार काढणारा हात

शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसणाऱ्या सगळ्या आईबाबांसाठी आजचा भाग आहे. आणि रविवारी क्रिकेट खेळून सोमवारी जिना उतरताना कण्हणाऱ्या बाबालोकांसाठीही!

मुलाचा पाय मुरगळला की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. आजी फोनवरून आंबेहळदीचा लेप सांगते. प्रशिक्षक बर्फ लावायला सांगतात. आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "कोपऱ्यावर ते चिनी मसाजचं दुकान आहे ना, तिथे दाखवा. हात फिरवला की मोकळं होतं." त्या दुकानाच्या पाटीवर बहुतेक वेळा एक शब्द असतो, 'तुई ना'. हा शब्द आला कुठून, त्यामागे किती शतकांचं काम आहे आणि आपल्या मुलाचा घोटा त्या हातात कधी द्यावा, कधी देऊ नये, हे आज बघू.

सुरुवात एका जुन्या चिनी शब्दजोडीपासून करू. मँडरिनमध्ये 'त्ये दा', कँटोनीज बोलीत 'तित दा'. पहिल्या शब्दाचा अर्थ पडणं, दुसऱ्याचा मार लागणं. पडून किंवा मार लागून जे काही होतं, म्हणजे लचक, मुका मार, सांधा निखळणं, हाड मोडणं, ते सगळं बघणारा वैद्य म्हणजे त्ये दा वैद्य. त्याच्या विचाराच्या मध्यभागी एक गोष्ट होती: मार लागला की रक्त साकळतं, ते हलतं ठेवायला हवं. आपणही 'रक्त साकळलं' हेच शब्द वापरतो, त्यामुळे ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

चीनमध्ये या कामाला सरकारी मान फार लवकर मिळाला. थांग राजवटीच्या काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, राजधानीतल्या शाही वैद्यक संस्थेत चार शाखा होत्या: औषध, सुया, मर्दन आणि मंत्र. मर्दनाच्या शाखेला स्वतःचे अध्यापक होते आणि पडून-झडून झालेल्या दुखापती जागेवर बसवणं हेही त्यांच्याच कामात मोडे. नवव्या शतकात लिन दाओरेन यांच्या नावावर असलेला अस्थिभंगावरचा ग्रंथ आला. निखळलेला खांदा कसा बसवावा, हे त्यात दिलं आहे. रुग्णाची काख खुर्चीच्या पाठीवर मऊ कपडा ठेवून टेकवायची, आणि हात ओढून खाली घ्यायचा. गंमत अशी, की खुर्चीचा असाच उपयोग ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांतही त्याच्या खूप आधी सापडतो. खांदा सगळीकडे सारखाच निखळतो, त्यामुळे उपायही एकमेकांच्या जवळ जातात.

पुढे या विद्येला धार आली ती घोड्यांमुळे. मंगोल आणि नंतर मांचू हे घोडेस्वारांचे समाज. भरधाव घोड्यावरून पडणं, कुस्तीत खांदा जाणं, ही रोजची बाब. मंगोलांच्या युआन राजवटीत हाडं बसवण्याला राजवैद्यकात वेगळा विभाग मिळाला. मांचूंच्या छिंग दरबारात तर शाही पागेशी जोडलेले मंगोल हाडवैद्यच नेमलेले असत.

याच परंपरेतल्या यिसांग-आ नावाच्या अठराव्या शतकातल्या एका हाडवैद्याची गोष्ट छिंग काळाच्या इतिहासात नोंदलेली आहे. तो शिष्यांना कसं शिकवत असे? लिहायच्या कुंचल्याची बांबूची दांडी घ्यायची, तिचे तुकडे करायचे आणि ते कागदात गुंडाळायचे. शिष्याने वरून नुसतं चाचपून ते तुकडे असे जुळवायचे, की दांडी कधी मोडलीच नव्हती असं वाटावं. हे जमलं की मगच माणसाच्या हाडाला हात लावायची परवानगी. क्ष-किरण यायला अजून शंभरहून अधिक वर्षं होती. कातडीखाली काय आहे हे बोटांनीच 'पाहायचं' होतं.

१७४२ साली छिंग सम्राटाच्या आज्ञेने वैद्यकाचा एक मोठा संग्रह पूर्ण झाला. त्यातल्या हाडं बसवण्याच्या भागात हाताच्या आठ पद्धती सांगितल्या आहेत: चाचपणं, जोडणं, सावरून धरणं, उचलणं, दाबणं, चोळणं, ढकलणं आणि पकडणं. शेवटच्या दोन पद्धती म्हणजे 'तुई' आणि 'ना'. आज पाटीवर दिसतो तो शब्द याच दोहोंचा. पण यादीत पहिलं नाव चाचपण्याचं आहे. आधी तपासा, मग हात चालवा, हा त्या क्रमाचा अर्थ. दाबणं आणि चोळणं कधी करायचं, तेही ग्रंथात स्पष्ट आहे: मांस आणि स्नायू दुखावले आहेत, सूज आहे, पण हाड मोडलेलं नाही, अशा वेळी. पावणेतीनशे वर्षांपूर्वीची ही अट पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

दरबाराबाहेर, दक्षिण चीनमध्ये, ही विद्या आखाड्यांत वाढली. जो गुरू ठोसा मारायला शिकवे, तोच ठोसा लागल्यावर उपचार करी. हाँगकाँगचे सिनेमे पाहिलेल्यांना वाँग फेई-हुंग हे नाव माहीत असेल. जेट ली याने पडद्यावर रंगवलेला हा माणूस खरोखर होऊन गेला. जन्म १८४७, मृत्यू १९२५. लढाऊ विद्येचा गुरू आणि त्ये दा वैद्य. 'पो ची लाम' हा त्याचा दवाखाना. १९२४ साली कँटन शहरात व्यापाऱ्यांच्या सशस्त्र दलाचा उठाव झाला, त्या धामधुमीत दवाखाना जळून खाक झाला आणि पुढच्याच वर्षी वाँग गेला. त्याची पत्नी मोक क्वाय-लान हिने नंतर हाँगकाँगमध्ये आखाडा आणि उपचार दोन्ही चालवले. तिने आणि शिष्यांनी जे जपलं ते उरलं. गुरूच्या हातात, घरच्या तेलाच्या बाटलीत आणि मोजक्या शिष्यांच्या आठवणीत राहणारी विद्या किती नाजूक असते, हे या एका आगीने दाखवलं.

आता १९३६ सालात येऊ. बर्लिन ऑलिंपिक. चीनने तिथे खेळाडूंबरोबर लढाऊ विद्येचं प्रात्यक्षिक करणारं पथकही पाठवलं होतं. त्यात झेंग हुआयश्येन नावाचे एक गुरू होते. १८९७ सालचा जन्म, हबेई प्रांतातले. त्रिशूळासारखं फाळ असलेलं शस्त्र हवेत उडवून अंगाखांद्यावर फिरवणं ही त्यांची खासियत. आणि मंडळी, त्याच बर्लिनमध्ये, त्याच उन्हाळ्यात, आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही गेलं होतं! १९१४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने तिथे कबड्डीसह आपले देशी खेळ जगाला दाखवले. दोन जुने देश, दोन आखाडे, आणि दोघांचं म्हणणं एकच: आमच्याकडेही शरीराची विद्या आहे, ती बघा.

झेंग यांनी पुढे काय केलं ते महत्त्वाचं आहे. ते सिचुआन प्रांतातल्या चेंगदू शहरात स्थिरावले. लढाऊ विद्या शिकवत आणि हाडं-स्नायूंच्या दुखापती बघत. १९५८ साली चेंगदूच्या क्रीडा महाविद्यालयाला जोडून खेळाडूंच्या दुखापतींसाठी रुग्णालय सुरू झालं, ते त्यांच्या पुढाकाराने. आखाड्यातला उपचार आता तपासणीच्या टेबलावर आला. झेंग यांनी हाडं बसवण्यावर आणि दुखापतींच्या मर्दनावर पुस्तकं लिहिली, विद्यार्थ्यांच्या तुकड्या तयार केल्या. जे शिष्याच्या कानात सांगायचं, ते फळ्यावर लिहिलं.

साधारण त्याच सुमारास शांघायमध्येही असंच घडत होतं. १९५६ साली तिथे तुई नाचे प्रशिक्षण वर्ग सुरू झाले. डिंग जीफंग या घरंदाज मर्दनकाराने बोटांऐवजी हाताची मागची, करंगळीकडची बाजू लाटण्यासारखी फिरवायची पद्धत बसवली. त्यामुळे दाब खोल जातो, पण बोचत नाही. विद्यार्थी ही पद्धत आधी तांदळाच्या पिशवीवर घोटतात. कुंचल्याच्या दांडीची जागा तांदळाच्या पिशवीने घेतली, पण नियम तोच: माणसाला हात लावण्याआधी हात तयार करा.

मग आपल्या मुलाच्या घोट्याचं काय? चांगला तुई ना उपचारक ताज्या, सुजलेल्या घोट्यावर जोर करत नाही. पहिले दोन-तीन दिवस दुखऱ्या जागेपासून दूर, पोटरीवर वगैरे हलका हात चालवतो. सूज ओसरू लागली की अंगठ्याने हळूहळू दुखऱ्या शिरेच्या कडेने जातो, मग सांधा सगळ्या दिशांना फिरवून बघतो, आणि शेवटी पायावर उभं राहायला, तोल सांभाळायला लावतो. यातलं बरंचसं आजच्या फिजिओथेरपिस्टला ओळखीचं वाटेल. मसाजने खेळानंतरचं अंग दुखणं काहीसं कमी होतं, असं अभ्यासांतून दिसतं. त्याने वेग किंवा ताकद वाढते, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. २०१६ साली रिओमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर कपिंगचे गोल लाल डाग सगळ्यांनी पाहिले. त्याची पदकं त्या डागांमुळे आली नाहीत, पोहण्यामुळे आली.

आता ती १७४२ सालची अट आठवा: हाड मोडलेलं नसेल तरच. आज ते ठरवायला सोपी कसोटी आहे. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली डॉक्टरांनी घोट्यासाठी काही नियम तयार केले. घोट्याजवळ दुखतंय आणि मुलाला चार पावलंही टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच हाडांच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यावर दुखतं, तर आधी क्ष-किरण. मसाज नंतर. लहान मुलांची हाडं वाढीची असतात, तिथे तर शंका आली तरी डॉक्टरच आधी.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. मानेला झटका देऊन 'कट' आवाज काढू देऊ नका. त्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. पोटरी एकाच बाजूला सुजून गरम लागत असेल, तर ती गुठळी असू शकते. ती चोळायची नाही. आणि चिनी मुका माराच्या तेला-अर्कांत कधी कधी बचनाग असतो, तेव्हा ते जखमेवर लावू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

हाँगकाँगने १९९९ साली कायदा करून चिनी वैद्यांची नोंदणी सुरू केली. त्यात औषध आणि सुयांबरोबर हाडं बसवणं ही स्वतंत्र शाखा ठेवली. आता तिथे त्ये दा वैद्याला परीक्षा आहे, नोंद आहे आणि चूक झाली तर जाब आहे. तुम्ही राहता तिथेही विचारा: परवाना कोणाचा, शिक्षण कुठलं? चांगला उपचारक या प्रश्नाने रागावत नाही.

आपल्या तालमींतले वस्ताद आणि गावोगावचे हाडवैद्यही पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले. अनेकांची विद्या घरातच राहिली आणि घराबरोबर संपली. तुमच्या आजोळी असा कोणी हात असेल, तर या सुट्टीत भारतात जाल तेव्हा त्यांच्याशी बोला, काय करतात ते विचारा, लिहून घ्या, चित्रफीत करा. झेंग यांनी जे फळ्यावर लिहिलं, त्याची सुरुवातही कोणीतरी कोणाला तरी विचारण्यातूनच झाली असणार.

तर मंडळी, खेळा, पडा, उठा आणि पाय मुरगळला तर आधी नीट तपासून घ्या. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार!