वाचन-आकलन आणि वर्गातील तंत्रज्ञान

लिखित मजकुरातून अर्थ ग्रहण करण्याच्या क्षमतेस वाचन-आकलन किंवा समजपूर्वक वाचन असे म्हणतात. प्राथमिक इयत्तांत ही क्षमता वाढीस लागावी म्हणून प्रोजेक्टर, टॅबलेट, क्यूआर कोड छापलेली पाठ्यपुस्तके, ध्वनिमुद्रण आणि मुलाचे प्रकटवाचन ऐकणारी अॅप यांचा उपयोग केला जातो. यांपैकी बहुतेक साधने अक्षरओळख, उच्चार व वेग यांना थेट साहाय्य करतात. अर्थग्रहणास त्यांचा कितपत लाभ होतो, हे मात्र शिक्षक ती केव्हा आणि कशासाठी वापरतो यावर अवलंबून असते.

वाचता येणे आणि समजणे

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वाचन-आकलन हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे: लिपी उलगडण्याची क्षमता आणि ती भाषा ऐकून समजण्याची क्षमता. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर फळही शून्य. देवनागरी लिपी बरीचशी उच्चारानुसारी असल्यामुळे बाराखडी व जोडाक्षरे अवगत झालेले मूल कधीही न ऐकलेला शब्दसुद्धा खडाखडा वाचू शकते. लिपीचा हा गुण वर्गात फसवा ठरतो. ऐकणाऱ्याला मूल वाचनात तयार झाल्यासारखे वाटते.

ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदरसारख्या बहुभाषिक शहरात ही अडचण विशेष जाणवते. २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८,०९,३७८ होती. येथील घरांत मराठीबरोबर हिंदी, गुजराती, मारवाडी, उर्दू या भाषा, तर उत्तनच्या किनाऱ्यावर कोळी समाजाची बोली बोलली जाते. महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाल्याने, घरी मराठी न ऐकणारी अनेक मुले ती पुस्तकातून वाचू लागतात. हिंदीमुळे देवनागरी आधीच परिचित असलेले मूल ‘राजाने चोराला शिक्षा दिली’ हे वाक्य अडखळल्याशिवाय वाचते आणि राजाने चोराला शिकवले असा अर्थ घेते. उच्चार व वेग मोजणाऱ्या कोणत्याही यंत्राच्या लेखी हे वाचन निर्दोष असते.

महाराष्ट्रातील वाटचाल

पुण्यातील ‘बालचित्रवाणी’ या संस्थेने १९८४ पासून दूरचित्रवाणीसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. ती २०१७ मध्ये बंद झाली. दूरचित्रवाणीचे शिक्षण एकमार्गी होते. पाहणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून प्रश्न विचारता येत नसे. २०१० नंतर ठाणे जिल्ह्याच्याच शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळेचा आरंभीचा नमुना म्हणून प्रसिद्धीस आली. २०१५ मध्ये राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्या काळात अनेक गावांनी लोकवर्गणीतून शाळांना साधने दिली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड छापले गेले. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज हा पुरस्कार मिळाला. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ मंच २०१७ मध्ये सुरू झाला.

२०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. यातील ‘६० शब्द’ मोजणे सोपे आहे. ‘अर्थासह’ मोजणे अवघड. त्यामुळे व्यवहारात पहिल्याकडेच अधिक लक्ष जाण्याचा धोका संभवतो.

साधने व त्यांचा वापर

पाठाखालचा क्यूआर कोड उघडला की बहुधा चित्रफीत दिसते. ती वाचनापूर्वी दाखविल्यास गोष्ट आधीच कळते आणि मजकूर वाचण्याचे कारणच उरत नाही. तीच चित्रफीत वाचनानंतर दाखवून ‘पुस्तकात होते ते येथे काय गाळले आहे?’ असे विचारले, तर मुले पुन्हा पानाकडे वळतात. अनोळखी शब्दांच्या बाबतीत मात्र चित्र आधी दाखविणेच हिताचे असते. भाईंदरलगत मिठागरे असूनही मिरा रोडच्या इमारतींत वाढलेल्या मुलाला ‘मिठागर’ हा शब्द कोडे वाटू शकतो. प्रोजेक्टरवरील एक छायाचित्र तेथे दहा वाक्यांच्या स्पष्टीकरणाचे काम करते.

प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर मराठीसह अनेक भाषांतील, वाचनपातळीनुसार लावलेली सचित्र पुस्तके मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. एकच गोष्ट घरच्या भाषेत व मराठीत शेजारी ठेवून वाचता येणे ही बहुभाषिक वर्गाच्या दृष्टीने मोठीच सोय होय. पडद्यावर पान उलटण्यापूर्वी थांबून पुढे काय घडेल, हे कशावरून वाटते, असे विचारता येते. अंदाज, प्रश्न, स्पष्टीकरण व सारांश या चार कृतींवर आधारलेली अशी अध्यापनपद्धती अ‍ॅनमरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये अभ्यासली होती. तिला यंत्राची गरज नाही; पडद्यामुळे सगळ्या वर्गाची नजर एका ओळीवर राहते, एवढेच.

गूगलचे २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने आलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेले अॅप मुलाचे वाचन ऐकून चुकलेला शब्द दाखवते. त्यात मराठीचाही समावेश झाला. भरलेल्या वर्गात प्रत्येकाचे प्रकटवाचन ऐकणे एका शिक्षकाला शक्य नसते, म्हणून अशा सरावाचे मोल कमी लेखता येत नाही. मराठी वाचून दाखविणाऱ्या यंत्रापुढे एक खास अडचण येते. च, ज, झ यांचे दोन उच्चार लिपीत वेगळे दाखविले जात नाहीत. ‘थोडे’ या अर्थी ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थी ‘जरा’ यांत कोणता उच्चार योग्य, हे वाक्याचा अर्थ कळल्यावरच ठरते.

साध्या मोबाइलवरील ध्वनिमुद्रण हे आकलनासाठी कदाचित सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. वाचलेली गोष्ट पुस्तक मिटून, लागल्यास घरच्या भाषेत, मुलाने सांगावी व शिक्षकाने ती नंतर सवडीने ऐकावी. ‘शिक्षा’ शब्दाचा घोटाळा अशा वेळी लगेच उघडा पडतो.

पडदा आणि कागद

पाब्लो देल्गादो व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. पडद्यापेक्षा कागदावर वाचलेल्या मजकुराचे आकलन अधिक चांगले होते, असे त्यात आढळले. वेळेचे बंधन असताना आणि माहितीपर मजकुराच्या बाबतीत हा फरक दिसला. निव्वळ कथात्मक मजकुरात तो आढळला नाही. गोष्टी पडद्यावर आणि परिसर अभ्यासाचे पाठ छापील पुस्तकातून, अशी विभागणी या निष्कर्षाशी सुसंगत ठरते.