लॉजिकल व्हॉल्यूम : प्रत आणि ताबा

‘व्हॉल्यूम’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा मूळ अर्थ गुंडाळी. गुंडाळीवरून ग्रंथ आणि ग्रंथावरून ग्रंथाचा खंड, असा त्याचा अर्थविस्तार होत गेला. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेच्या कार्यप्रणालीत चुंबकीय फितीच्या रिळाला आणि यंत्रातून काढता येणाऱ्या डिस्कच्या संचाला हेच नाव मिळाले. (फितीच्या रूपाने हा शब्द अनेक शतकांनी पुन्हा गुंडाळीकडेच परतला, ही गोष्ट व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला रंजक वाटेल.) असा व्हॉल्यूम म्हणजे हाताने उचलता येणारी वस्तू होती. एका यंत्रावरील मजकूर दुसऱ्या यंत्रावर न्यावयाचा तर रीळ उचलून न्यावे किंवा त्याची प्रत करावी. ते कोणाच्या ताब्यात आहे, याविषयी संदेहाला जागा नसे.

नाव आणि वस्तू यांचे हे नाते सैल होत गेले. त्या प्रक्रियेचे श्रेय कोणा एकास देणे योग्य नव्हे. तथापि १९९० साली आयबीएमच्या एआयएक्स कार्यप्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत तिला सुव्यवस्थित रूप आले. अनेक डिस्कचा एक गट करावयाचा, प्रत्येक डिस्कचे सारख्या आकाराचे तुकडे पाडावयाचे, आणि गटातील हवे ते तुकडे जोडून ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ निर्माण करावयाचा, अशी ही योजना. कोणता तुकडा कोठे आहे, हे एका कोष्टकात नोंदलेले असते व ते कोष्टक त्याच डिस्कवर लिहिलेले असते. ‘लॉजिकल’चे ‘तार्किक’ हे भाषांतर येथे दिशाभूल करते. तर्काचा येथे संबंध नाही. कोष्टकामुळेच ज्याला अस्तित्व आहे असा, एवढाच त्याचा अर्थ. लिनक्ससाठी ही व्यवस्था हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ साली लिहिली. तिचा आराखडा एचपी-यूएक्सवरून घेतलेला होता.

खरा प्रश्न उद्भवला तो डिस्क सर्व्हरच्या पेटीबाहेर गेल्यावर. फायबर चॅनेलचे प्रमाण १९९४ साली मान्य झाले. साध्या जाळ्यावरून तेच काम करणाऱ्या आयस्कझीचे प्रमाण २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे एकच साठा अनेक सर्व्हरांना आपापल्या डिस्कसारखा दिसू लागला. परंतु प्रत्येक सर्व्हर कोष्टक वाचून स्मरणात ठेवतो आणि आपणच एकटे धनी आहोत असे समजतो. एकाने व्हॉल्यूम वाढवला आणि दुसऱ्याने जुन्या कोष्टकाच्या भरवशावर तेच तुकडे अन्य कामासाठी घेतले, तर एकाचा मजकूर दुसऱ्याखाली गाडला जातो. आणि त्या क्षणी तक्रार कोणीच करीत नाही.

प्रत करण्याचे साधन मात्र जुनेच राहिले. युनिक्सच्या १९७४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून असलेली ‘डीडी’ ही आज्ञा आरंभापासून अखेरपर्यंत मजकूर जसाच्या तसा उतरवते. ती अर्थाकडे पाहत नाही. निरक्षर परंतु प्रामाणिक लेखनिकासारखे तिचे काम. उतरवणे चालू असताना मूळ व्हॉल्यूमवर लेखन होत राहिले, तर प्रतीचा आरंभ सकाळचा आणि शेवट सायंकाळचा होतो. अशी प्रत मुळाच्या कोणत्याही एका क्षणाशी जुळत नाही. यावर ‘स्नॅपशॉट’ची युक्ती निघाली. ठरावीक क्षणानंतर एखादा भाग बदलावयाचा झाल्यास त्यातील जुना मजकूर आधी बाजूस ठेवावयाचा, आणि प्रत त्या गोठलेल्या क्षणावरून करावयाची. परंतु लिनक्समधील ही सोय एका वेळी एकाच सर्व्हरपुरती असते. दोघांनी तोच व्हॉल्यूम एकदम उघडून ती वापरता येत नाही. साठ्याच्या यंत्राकडून सबंध डिस्कचीच प्रत करून घेतली, तर कोष्टकासह ओळखचिन्हही उतरते आणि एकाच नावाच्या दोन डिस्क समोर उभ्या राहतात. प्रतीला नवे चिन्ह दिल्यावाचून ती सुरक्षितपणे वापरता येत नाही.

वस्तुतः सामायिक साठ्यावर ‘या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर प्रत करणे’ हा शब्दप्रयोगच पुष्कळदा चुकीचा असतो. दोन्ही सर्व्हर एकाच गटाला जोडलेले असतील, तर पहिल्याने व्हॉल्यूम सोडावा व दुसऱ्याने तो घ्यावा. मजकुराचे एक अक्षरही हलत नाही. हलतो तो ताबा. खरी प्रत लागते ती साठा किंवा गट बदलताना. दोन गटांतील तुकड्यांचे आकार भिन्न असू शकतात. नवा व्हॉल्यूम किंचितही लहान पडला, तर मजकुराचा शेवट कापला जातो.

म्हणून पुढील प्रगती प्रतीच्या वेगापेक्षा ताब्याच्या नियमांत अधिक झाली. मिनेसोटा विद्यापीठात १९९०नंतरच्या दशकात सुरू झालेल्या जीएफएस या सामायिक फाइलव्यवस्थेने सर्व्हरांमध्ये कुलुपांची पद्धत आणली. ते काम पुढे नेणारी सिस्टिना ही संस्था २००३ साली रेड हॅटने घेतली. नंतरच्या ‘सॅनलॉक’ या योजनेत ताब्याला मुदत असते. ती साठ्यावरच नोंदली जाते आणि सर्व्हरला वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. ज्याला ती वाढवता येत नाही व व्हॉल्यूमही सोडता येत नाही, तो सर्व्हर सक्तीने पुन्हा सुरू केला जातो.

सामायिक साठा नको असलेल्यांसाठी निराळा मार्ग व्हिएन्नात निघाला. फिलिप राइस्नर यांच्या डीआरबीडीमध्ये दोन सर्व्हरांच्या डिस्क स्वतंत्र असतात आणि एकावरचे प्रत्येक लेखन जाळ्यावरून दुसऱ्याकडे जाते. २०१० साली हे काम लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. तेथेही दोघांमधील दुवा तुटून दोन्ही सर्व्हर स्वतःस मुख्य मानून लिहू लागले, तर दोन प्रती वेगळ्या वाटांनी जातात, आणि त्यांतील कोणती टाकून द्यावयाची हे व्यवस्थापकाला ठरवावे लागते.